ब्राउझरमध्ये थ्रीडी डेटा: भूकंपांचा गोल बनवत बनवत शिकूया

थ्रीडी व्हिज्युअलायझेशन शिकायचं ठरवलं की बरेच जण फिरणाऱ्या क्यूबपासून सुरुवात करतात. तो क्यूब एका संध्याकाळीच फिरायला लागतो, मस्त वाटतं, आणि मग पुढे काय ते काही सुचत नाही, कारण त्या क्यूबमध्ये डेटाच नसतो. म्हणून इथे आपण उलटीकडून जाऊ. आधी असा डेटा घ्यायचा ज्याला तिसरी मिती खरंच लागते, त्याला एक प्रश्न विचारायचा, आणि त्या प्रश्नाचं उत्तर स्क्रीनवर दिसेपर्यंत जे जे लागेल तेवढंच शिकत जायचं. मी ज्यांना ज्यांना हे शिकवलं त्यांच्याबाबतीत हाच रस्ता टिकला, म्हणून तोच सांगतोय.

लागणारी तयारी फार नाही. जावास्क्रिप्टमधले ॲरे, मॅप, फिल्टर, फेच आणि असिंक-अवेट एवढं हाताखालचं हवं, आणि साइन-कोसाइन म्हणजे काय हे शाळेतलं थोडं आठवत असलं तर उत्तम. शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम) वगैरे गोष्टींना आत्ता हात लावू नका, त्यांची वेळ नंतर येते.

आधी प्रश्न: इथे थ्रीडी हवंच कशाला?

हा भाग लोक वगळतात आणि तिथेच सगळं बिघडतं. 1984 मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी लोक आलेख कितपत अचूक वाचतात यावर प्रयोग केले, त्यात एकाच पट्टीवरची जागा माणसं सगळ्यात नीट वाचतात आणि आकारमान, रंगाची छटा या गोष्टी बऱ्याच ढोबळ वाचतात असं निघालं. थ्रीडीमध्ये तर त्यावर अजून भर पडते, जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान दिसते, आणि पुढची मागचीला झाकते. म्हणून चार विभागांची विक्री दाखवायला थ्रीडी बार चार्ट केलात तर तो देखणा दिसेल पण कुठला बार उंच ते कुणाला धड कळणार नाही. तिथे साधा टूडी बार चार्टच बरोबर, त्यात कमीपणा काही नाही.

मग थ्रीडी कुठे? जिथे डेटामध्येच तीन दिशा आहेत तिथे. वातावरणातले वारे, एमआरआयचे काप, रेणूंची रचना, विमानांचे मार्ग, आणि भूकंप. भूकंपाला अक्षांश असतो, रेखांश असतो आणि जमिनीखालची खोली असते. सपाट नकाशावर ही खोली रंगाने दाखवता येते पण तिचा आकार दिसत नाही, आणि आपला प्रश्न नेमका त्या आकाराबद्दलच आहे: खोलवर होणारे भूकंप जमिनीखाली कुठल्या आकारात पसरलेत?

याचं खरं उत्तर भूगर्भशास्त्रात आहे. जिथे पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीच्या खाली सरकते तिथे भूकंपांचे बिंदू एका तिरक्या पापुद्र्यासारखे खोल खोल उतरत जातात, साधारण 700 किलोमीटरपर्यंत, आणि या पापुद्र्याला कियो वदाती आणि ह्यूगो बेनिऑफ या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने वदाती-बेनिऑफ झोन म्हणतात. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा-फिजी बेटांच्या खाली तो एकदम ठसठशीत आहे. आपल्या गोलावर तो दिसला म्हणजे आपलं काम जमलं, इतकी स्पष्ट कसोटी आहे.

आणि गोलच का, सपाट नकाशा का नको, तर टोंगा-फिजीचा पट्टा नेमका 180 रेखांशावर बसलाय. सपाट नकाशावर तो अर्धा डाव्या टोकाला आणि अर्धा उजव्या टोकाला जातो. गोलावर ही भानगडच नाही.

डेटा आणायचा आणि नीट बघायचा

अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था, यूएसजीएस, जगभरच्या भूकंपांचे फीड जिओजेसन स्वरूपात फुकट देते. मागचा तास, दिवस, आठवडा, महिना असे वेगवेगळे फीड आहेत आणि 2.5 च्या वरचे, 4.5 च्या वरचे असे मॅग्निट्यूडनुसार गट आहेत. सुरुवातीला 4.5 वरचा महिन्याचा फीड घ्या, त्यात काहीशे नोंदी असतात, तेवढ्या पुरे. सगळं चालायला लागलं की मग त्याच संस्थेच्या कॅटलॉग सर्च एपीआयमधून मोठा कालावधी मागवा, तिथे एका विनंतीत 20,000 नोंदींची मर्यादा आहे, त्यामुळे वर्षा-वर्षाचे तुकडे करून आणलेलं सोयीचं पडतं. पापुद्र्याचा आकार दिसायला काही हजार बिंदू लागतात, एका महिन्यात तो अंधुकच दिसेल.

आणलेला डेटा थेट स्क्रीनवर टाकू नका. आधी कन्सोलमध्ये एक नोंद उघडून बघा. कोऑर्डिनेट्सच्या ॲरेत पहिला आकडा रेखांश, दुसरा अक्षांश आणि तिसरा खोली, किलोमीटरमध्ये. रेखांश आधी! बोलताना आपण कायम अक्षांश-रेखांश असं म्हणतो, जिओजेसनमध्ये क्रम उलटा असतो, आणि हे उलटसुलट झालं की जपानचे भूकंप भलतीकडेच जाऊन बसतात. वेळ मिलिसेकंदांमध्ये येते, ती थेट डेट ऑब्जेक्टला देता येते आणि ती यूटीसी धरलेली असते. मॅग्निट्यूड कधीकधी नल असतो, अशा नोंदी आधीच गाळा. खोली कधीकधी उणे असते, ती चूक समजू नका, समुद्रसपाटीच्या वर म्हणजे डोंगराच्या पोटात झालेला धक्का असू शकतो.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. खोलीच्या आकड्यांचा एक साधा हिस्टोग्राम काढा. बरोबर 10 किलोमीटरवर एक उंच सुळका दिसेल. पृथ्वीला 10 हा आकडा आवडतो असं काही नाही, उथळ भूकंपाची खोली उपलब्ध नोंदींवरून नीट ठरवता आली नाही की संस्था बऱ्याचदा 10 किलोमीटर ही ठरावीक खोली धरते. जुन्या नोंदींमध्ये असाच सुळका 33 किलोमीटरवर दिसतो. हे माहीत नसलं तर थ्रीडीमध्ये जमिनीखाली एक सपाट पातळ चादर पसरलेली दिसते आणि बघणारा त्याला निसर्गाची रचना समजतो. तुम्ही ही चादर काढून टाकू नका, पण बाजूला एक ओळ लिहून सांगा की ती कशामुळे आहे. थ्रीडी चित्र पटकन विश्वास बसेल असं दिसतं, त्यामुळे ते बनवणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते.

कुठली लायब्ररी?

ब्राउझरमध्ये थ्रीडीच्या मुळाशी वेबजीएल आहे, म्हणजे जीपीयूकडून (ग्राफिक्स चिपकडून) चित्र काढून घ्यायची सोय. त्याची पहिली आवृत्ती 2011 मध्ये आली, दुसरी 2017 मध्ये. आता वेबजीपीयू नावाचा नवा मार्गही आलाय, क्रोममध्ये तो 2023 पासून आहे, पण शिकणाऱ्याने त्याची चिंता करायची गरज नाही, कारण वरच्या लायब्ररी तो फरक बऱ्यापैकी स्वतः सांभाळतात.

थेट वेबजीएलमध्ये एक त्रिकोण काढायलाही बरंच लिहावं लागतं म्हणून आपण थ्री.जेएस घेऊ. रिकार्डो काबेयो यांनी 2010 मध्ये ती खुली केली आणि आज तिची उदाहरणं, डॉक्युमेंटेशन, लोकांनी विचारलेले प्रश्न इतके आहेत की अडलात तरी मार्ग सापडतो. बाकीच्यांबद्दल थोडक्यात: नुसता थ्रीडी स्कॅटर किंवा सरफेस प्लॉट हवा असेल तर प्लॉटली.जेएस, दहा-पंधरा ओळींत काम होतं. नकाशावर लाखो बिंदू टाकायचे तर डेक.जीएल. खरा भूभाग, उपग्रहचित्रं आणि उंचसखलपणासकट पृथ्वी हवी तर सीझियमजेएस. तयार गोलावर पटकन ठिपके हवेत तर ग्लोब.जीएल, ती थ्री.जेएसवरच बांधलीय. रिॲक्ट वापरणाऱ्यांसाठी रिॲक्ट थ्री फायबर आहे. माझं मत असं की पहिला प्रोजेक्ट साध्या थ्री.जेएसमध्ये करा, कारण बाकीच्या लायब्ररींमध्ये काही अडलं तर आत काय चाललंय हे त्यानेच कळतं. डी3 ही डेटाचे आलेख काढायची लायब्ररी मात्र सोबत ठेवा, चित्र काढायला नाही तर स्केल आणि रंगांसाठी.

सेटअप

नोड इन्स्टॉल करा, व्हीट या टूलने रिकामा व्हॅनिला (कुठलाही फ्रेमवर्क नसलेला) प्रोजेक्ट बनवा, त्यात एनपीएमने थ्री टाका, झालं. एचटीएमएल फाइलवर डबल क्लिक करून उघडायचा मोह होतो पण तसं केल्यावर मॉड्यूल इम्पोर्ट आणि टेक्सचर (वस्तूवर गुंडाळायचं चित्र) दोन्ही ब्राउझर अडवतो, सुरक्षेच्या नियमामुळे. लोकल सर्व्हर लागतोच आणि व्हीट तो देतो.

आता सीन, कॅमेरा, रेंडरर हे तीन लागतात. सीनमध्ये वस्तू, कॅमेरा त्या बघतो, रेंडरर कॅनव्हासवर काढतो. पर्स्पेक्टिव्ह कॅमेऱ्याला चार आकडे द्यायचे: बघण्याचा उभा कोन अंशांमध्ये, 45 किंवा 50 ठेवा, रुंदी भागिले उंची, आणि निअर-फार, म्हणजे किती जवळचं आणि किती लांबचं दिसावं. आपला पृथ्वीचा गोल 100 युनिट त्रिज्येचा करू, कॅमेरा झेड अक्षावर 300 वर, निअर 1 आणि फार 1000. निअर उगाच 0.0001 असा ठेवू नका, कोण पुढे कोण मागे हे ठरवायची अचूकता तिथेच खर्च होते आणि मग लांबचे पृष्ठभाग एकमेकांत लुकलुकायला लागतात.

ऑर्बिट कंट्रोल्स जोडा म्हणजे माउसने फिरवता येईल. डॅम्पिंग, म्हणजे माउस सोडल्यावर गोल हळूहळू थांबणं, चालू केलंत तर प्रत्येक फ्रेमला कंट्रोल्सचं अपडेट बोलवावं लागतं, हे विसरलं की नुसतं डॅम्पिंग ऑन करून काहीच फरक का पडत नाही असं वाटत राहतं.

आणि मग काळा स्क्रीन. हा प्रत्येकालाच दिसतो, घाबरायचं नाही, पण अंदाजाने कोड बदलत बसायचं नाही, एका क्रमाने बघायचं. कन्सोलमध्ये एरर आहे का? कॅनव्हासच्या डिव्हची उंची शून्य तर नाही ना, इन्स्पेक्ट करून बघा, हे कारण फार वेळा निघतं. कॅमेरा हलवलाय का? तो मुळात शून्य-शून्य-शून्यवर असतो, म्हणजे तुमच्या गोलाच्या पोटात, आणि गोलाची आतली बाजू डीफॉल्टने काढलीच जात नाही. मटेरियल (वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणारं) प्रकाश मागणारं आहे का, आणि सीनमध्ये लाइट आहे का? शंका आली की तात्पुरतं मेश बेसिक मटेरियल लावा, त्याला प्रकाश लागत नाही, ते दिसलं म्हणजे गडबड लाइटमध्येच आहे. शेवटी, कन्सोलमध्ये बाउंडिंग स्फियरची त्रिज्या नॅन आली असा इशारा दिसला तर डेटामध्ये कुठेतरी नल किंवा अनडिफाइंड शिरलंय, कोडमध्ये शोधू नका, डेटा गाळा.

अक्षांश-रेखांशाचं एक्स-वाय-झेड

इथे थोडं गणित आहे पण एकदाच करायचंय. आधी खोलीवरून त्रिज्या काढायची. पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6371 किलोमीटर, आपला गोल 100 चा, म्हणून

त्रिज्या = 100 × (6371 − खोली) ÷ 6371

मग दोन कोन, रेडियनमध्ये:

फाय = (90 − अक्षांश) × पाय ÷ 180
थीटा = (रेखांश + 180) × पाय ÷ 180

आणि शेवटी:

एक्स = −त्रिज्या × साइन(फाय) × कोसाइन(थीटा)
वाय = त्रिज्या × कोसाइन(फाय)
झेड = त्रिज्या × साइन(फाय) × साइन(थीटा)

ते उणे चिन्ह आणि 180 मिळवणं हे थ्री.जेएस आपल्या गोलावर चित्र कसं गुंडाळतं त्याच्याशी जुळण्यासाठी आहे. सूत्र लिहिलं की डोळे झाकून पुढे जाऊ नका, तपासा. शून्य अक्षांश शून्य रेखांश टाकलं तर एक्स 100 आला पाहिजे आणि बाकी दोन शून्य. उत्तर ध्रुव टाकला तर वाय 100. शून्य अक्षांश 90 पूर्व टाकलं तर झेड उणे 100. हे तिन्ही जुळले की पुढचे हजारो बिंदू बरोबरच बसणार. शून्याऐवजी फार छोटा दशांश दिसला तर तो कॉम्प्युटरच्या गणिताचा भाग आहे, सोडून द्या.

गोलावर नकाशा लावायला नासाचं ब्लू मार्बल चित्र घेता येतं, त्यातलं रुंदी उंचीच्या दुप्पट असलेलं घ्या. टेक्सचरचा कलर स्पेस एसआरजीबी आहे असं सांगायला विसरू नका, नाहीतर रंग फिक्कट दिसतात. पण आपले भूकंप जमिनीखाली आहेत, मग गोल पारदर्शक करावा लागेल: ट्रान्सपरंट चालू, ओपॅसिटी 0.25 च्या आसपास, आणि डेप्थ राइट बंद, म्हणजे गोल आतल्या गोष्टी झाकणार नाही. प्रत्येक भूकंप आपण एका छोट्या गोळ्याने दाखवणार आहोत, ते गोळे मात्र अपारदर्शक ठेवा. दोन्ही पारदर्शक केले की कोण पुढे कोण मागे याचा घोळ होतो, फिरवताना गोळे अचानक गायब होतात आणि परत येतात.

खोली ताणून दाखवावी का? 700 किलोमीटर म्हणजे त्रिज्येच्या 11 टक्के, आपल्या गोलावर 11 युनिट, ते तसंही दिसतं. ताणायचंच असेल तर दोनपट-तीनपटच्या पुढे जाऊ नका आणि किती ताणलंय ते स्क्रीनवर लिहा. न सांगता ताणलेली खोली म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

हजारो गोळे आणि एकच ड्रॉ कॉल

पहिल्यांदा प्रत्येक भूकंपासाठी लूपमध्ये नवा मेश (आकार आणि मटेरियल मिळून झालेली वस्तू) बनवून सीनला जोडावासा वाटतो. काहीशे असतील तर चालेल. पण 10,000 झाले की ब्राउझर रडायला लागतो, कारण प्रत्येक मेश म्हणजे जीपीयूला एक वेगळा निरोप, म्हणजेच ड्रॉ कॉल, आणि हे निरोप पाठवण्यातच वेळ जातो. यावर उपाय इन्स्टन्स्ड मेश. एकच आकार, एकच मटेरियल, आणि 10,000 जागांची यादी एकदम द्यायची. प्रत्येक जागेसाठी एक मॅट्रिक्स (जागा आणि आकार सांगणारा आकड्यांचा तक्ता) बनतं, ते क्रमांकासकट सेट मॅट्रिक्स ॲटने भरायचं. हाताने मॅट्रिक्स लिहायची गरज नाही, एक रिकामा ऑब्जेक्ट थ्रीडी घ्या, त्याची पोझिशन आणि स्केल सेट करा, अपडेट मॅट्रिक्स बोलवा आणि त्याचं मॅट्रिक्स कॉपी करा, लूपमध्ये तोच ऑब्जेक्ट परत परत वापरा. शेवटी इन्स्टन्स मॅट्रिक्सचं नीड्स अपडेट ट्रू करा. रेंडररच्या इन्फोमध्ये ड्रॉ कॉलचा आकडा दिसतो, आधीचा आणि नंतरचा बघा, फरक बघून हे तंत्र कायमचं लक्षात राहतं.

आकार निवडताना सुद्धा थोडा हिशोब करा. 32 बाय 32 तुकड्यांच्या गोलात 1,984 त्रिकोण असतात, 10,000 गोळे म्हणजे जवळपास 2 कोटी. त्याऐवजी डीटेल 1 चा आयकोसाहेड्रॉन (वीस त्रिकोणी बाजूंचा आकार, प्रत्येक बाजूचे अजून चार तुकडे केलेला) घेतला तर 80 त्रिकोण, म्हणजे एकूण 8 लाख. स्क्रीनवर गोळा सहा-सात पिक्सेलचा असताना हा फरक डोळ्याला दिसतच नाही, फोनला मात्र चांगलाच जाणवतो.

लाखाच्या पुढे गेलात तर गोळे सोडून पॉइंट्सकडे वळा, तिथे एका बिंदूला एकच टोक लागतं.

रंग आणि आकार, इथेच अर्थ ठरतो

आकार कशावरून? मॅग्निट्यूडवरून. पण मॅग्निट्यूड ही लॉग पट्टी आहे, एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण 32 पट होते. म्हणजे 4.5 आणि 7.5 यांच्यात ऊर्जेचा फरक 30,000 पटीच्या वर. त्रिज्या थेट ऊर्जेवरून काढलीत तर एकच गोळा सगळी पृथ्वी गिळून टाकेल. गोळ्याचं घनफळ ऊर्जेच्या प्रमाणात ठेवायचं तर ऊर्जेचं घनमूळ घ्या, मग 4.5 ची त्रिज्या 0.1 असेल तर 7.5 ची 3 च्या जरा वर येते. हे प्रामाणिक आहे पण छोटे भूकंप जवळजवळ दिसेनासे होतात. आपला प्रश्न ऊर्जेचा नसून आकाराचा, कुठे पसरलेत याचा आहे, त्यामुळे मी इथे सौम्य पट्टी घेईन, त्रिज्या 0.4 पासून 2 पर्यंत, आणि लेजेंडमध्ये तसं लिहीन. तुमचा प्रश्न वेगळा असला तर निवडही वेगळी होईल.

रंग खोलीसाठी. इंद्रधनुष्यी पट्टी टाळा, त्यात पिवळा रंग मध्येच उठून दिसतो आणि जिथे डेटामध्ये कडा नाही तिथे कडा असल्याचा भास होतो. व्हिरिडिससारखी पट्टी घ्या, तिच्यात उजेड एकसारखा चढत जातो आणि रंगांधळेपण असलेल्यांनाही ती वाचता येते. अजून एक अडचण अशी की बहुतेक भूकंप उथळ असतात, त्यामुळे 0 ते 700 अशी सरळ पट्टी लावली की जवळजवळ सगळे गोळे एकाच रंगाचे होतात. भूगर्भशास्त्रात 70 किलोमीटरपर्यंत उथळ, 70 ते 300 मध्यम, 300 ते 700 खोल असे तीन गट सर्रास वापरतात, तेच घ्या, डी3 च्या थ्रेशोल्ड स्केलने हे एका ओळीत होतं. तीन रंग लक्षात ठेवता येतात, तीसपैकी कुठला होता ते नाही आठवत.

इन्स्टन्सला रंग सेट कलर ॲटने द्यायचा आणि मटेरियलचा मूळ रंग पांढराच ठेवायचा, कारण दोन्ही रंग एकमेकांशी गुणले जातात, लाल मटेरियलवर हिरवा टाकला की काळाच मिळतो.

माउस आणि बोटाला उत्तर द्यायचं

गोळ्यावर गेलं की माहिती दिसावी यासाठी रेकास्टर. कॅमेऱ्यातून माउसच्या दिशेने एक किरण सोडायचा आणि तो कशाला लागतो ते बघायचं. त्याला माउसची जागा उणे 1 ते 1 अशा मापात लागते आणि वायची दिशा उलटी असते, कारण ब्राउझरमध्ये वाय खाली वाढतो आणि इथे वर. नेटवरच्या बऱ्याच उदाहरणांत खिडकीच्या रुंदीने भागलेलं असतं, ते कॅनव्हास पूर्ण खिडकीभर असेल तरच बरोबर. तुमच्या पानावर बाजूला मजकूर असेल तर कॅनव्हासचा बाउंडिंग रेक्ट घ्या, त्याची डावी आणि वरची कड वजा करा आणि त्याच्याच रुंदी-उंचीने भागा, नाहीतर टूलटिप भलत्याच गोळ्याची येते.

इन्स्टन्स्ड मेशवर किरण लागला की इन्स्टन्स आयडी मिळतो, तोच तुमच्या डेटा ॲरेतला क्रमांक, म्हणून दोन्हीचा क्रम कधीही वेगळा होऊ देऊ नका. जागा नंतर बदलल्यात तर बाउंडिंग स्फियर पुन्हा काढायला सांगा, नाहीतर समोर दिसणाऱ्या गोळ्यावर क्लिक करूनही काही लागत नाही. फिरवण्यासाठी ओढलेलं आणि क्लिक केलेलं वेगळं ओळखायला पॉइंटर खाली गेला आणि वर आला यातलं अंतर बघा, चार-पाच पिक्सेलच्या आत असेल तरच क्लिक.

टूलटिप साधी एचटीएमएलची डिव्ह ठेवा, कॅनव्हासवर मजकूर काढत बसू नका. ठिकाण, मॅग्निट्यूड, खोली, वेळ. बस.

वेळेचा स्लायडर, आणि त्याची एक सोपी युक्ती

डेटा आधीच वेळेनुसार लावून घ्या, जुने आधी. मग इन्स्टन्स्ड मेशचा काउंट बदलला की पहिले तेवढेच गोळे काढले जातात. म्हणजे स्लायडर सरकला की फक्त एक आकडा बदलायचा, एकही मॅट्रिक्स परत लिहायचं नाही, आणि रेकास्टरही तेवढेच गोळे तपासतो.

दुसरा कंट्रोल खोलीचा ठेवा: फक्त खोल, फक्त मध्यम, सगळे. तिसरं म्हणजे क्लिपिंग प्लेन, गोल कापून आत बघायची सोय. आपल्या प्रश्नाला याचीच सगळ्यात जास्त मदत होते, टोंगाच्या पट्ट्याला आडवं कापा आणि बाजूने बघा, उथळ गोळ्यांपासून सुरू होऊन तिरके खाली जाणारे खोल गोळे एका रेषेत लागलेले दिसतील. हिंदुकुशच्या खाली बघा, तिथे 200 किलोमीटरच्या आसपास गोळ्यांचा घट्ट पुंजका आहे. हेच दोन दृश्य बटणं करून द्या, 'टोंगा' आणि 'हिंदुकुश', दाबलं की कॅमेरा तिथे जाईल. नवख्या माणसाला मोकळा गोल दिला तर तो दोनदा फिरवतो आणि निघून जातो, कुठून बघायचं हे तुम्हीच सांगायला हवं.

आपोआप गोल फिरवत ठेवणं मात्र टाळा, वाचत असताना चित्र हलत राहिलं की त्रास होतो. ज्यांनी सिस्टममध्ये हालचाल कमी ठेवण्याचं सेटिंग केलंय त्यांच्यासाठी कॅमेऱ्याचा प्रवासही न दाखवता थेट उडी मारा.

फोनवर चालवून बघा, तोही जुन्या

पिक्सेल रेशो, म्हणजे पानावरच्या एका पिक्सेलमागे पडद्याचे किती पिक्सेल, तो 2 वर अडवा. काही फोनमध्ये तो 3 असतो, म्हणजे 2 च्या तुलनेत सव्वादोन पट पिक्सेल काढावे लागतात आणि डोळ्याला फरक फारसा नाही. खिडकीचा आकार बदलला की कॅमेऱ्याचं ॲस्पेक्ट बदला, प्रोजेक्शन मॅट्रिक्स अपडेट करा, रेंडररचा साइज बदला, तिन्ही, एकही सुटला तर गोल अंड्यासारखा होतो. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात, क्रोमच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये ते मोजता येतं. काहीच हलत नसताना रेंडर करत राहू नका, कंट्रोल्समध्ये बदल झाला किंवा स्लायडर हलला तरच काढा, बॅटरी वाचते. डॅम्पिंग असेल तर हालचाल थांबेपर्यंत लूप चालू ठेवावा लागेल एवढंच.

डेटा बदलून नवा मेश बनवलात तर जुन्याची जॉमेट्री आणि मटेरियल डिस्पोज करा. सीनमधून काढलं म्हणजे जीपीयूच्या मेमरीतून गेलं असं होत नाही.

आणि कॅनव्हास हा स्क्रीन रीडरसाठी कोराच असतो. म्हणून खाली एक साधा टेबल द्या, सगळ्यात मोठे किंवा सगळ्यात खोल वीस भूकंप, आणि स्लायडर, बटणं ही खरी एचटीएमएलची ठेवा म्हणजे कीबोर्डनेही चालतात. तो टेबल डोळस लोकही खूप वापरतात, नेमका आकडा गोलावर शोधण्यापेक्षा तिथे लगेच मिळतो.

पान लाइव्ह करताना

गिटहब पेजेसवर टाकताना व्हीटच्या कॉन्फिगमध्ये बेस म्हणून रिपॉझिटरीचं नाव द्यावं लागतं, नाहीतर लोकलला सगळं नीट दिसतं आणि लाइव्ह पानावर स्क्रिप्टच मिळत नाही म्हणून पांढरं पान येतं. टेक्सचर पब्लिक फोल्डरमध्ये ठेवलं असेल तर कोडमधला त्याचा पत्ताही त्याच बेसपासून सुरू करा. मोठा कॅटलॉग दर वेळी एपीआयमधून ओढू नका, एकदा आणून, लागतील तेवढेच पाच रकाने ठेवून, स्वतःची छोटी फाइल बनवा, पान लवकर उघडतं आणि समोरच्या सर्व्हरवर उगाच भारही पडत नाही.

चित्राखाली चार गोष्टी लिहा: डेटा कुणाचा आणि कुठल्या तारखेपर्यंतचा, किती मॅग्निट्यूडच्या वरचे भूकंप घेतलेत, खोली ताणलीय का आणि किती पट, आणि ती 10 किलोमीटरची चादर कशामुळे दिसते. मग लिंक अशा कुणाला तरी पाठवा ज्याने हे आधी बघितलेलं नाही, आणि शेजारी बसून काही न सांगता नुसतं बघा तो पहिल्यांदा कुठे क्लिक करतो, पुढची दुरुस्ती कुठे करायची ते तिथेच कळेल.